राक्षसाचा जीव पोपटांत



लहानपणीं ऐकलेल्या परीकथा मोठेपणींही माणसाची पाठ कां सोडीत नाहींत, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. विषयाला हात घालण्यापूर्वीं त्याच्या नांवाविषयींच माझी थोडी तक्रार आहे, ती नोंदवून ठेवतों. 'परी' हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला, आणि आपल्या आजीच्या गोष्टींत पऱ्या जवळजवळ नसतातच. तेथें आवडती राणी असते व नावडती असते, सात भाऊ व त्यांची एकुलती एक बहीण असते, नागकन्या असते, राक्षस असतो. आकाशमार्गानें चाललेलीं शंकरपार्वती असतात, आणि खालीं कोणी तरी रडत आहे तें पार्वतीला नेमकें ऐकूं येतें. युरोपांतही प्रकार फारसा निराळा नाहीं. 'परीकथा' हें नांव तिकडे रूढ झालें तें १६९७ सालीं फ्रान्समध्यें मादाम द'ओल्नुआ या लेखिकेनें आपल्या संग्रहाला तें दिलें तेव्हांपासून. त्याच सालीं शार्ल पेरो यांच्या आठ गोष्टींचें पुस्तक निघालें. सिंडरेला, लाल टोपीवाली मुलगी, बूट घातलेलें मांजर हीं सारीं त्यांतलींच. परंतु पुढें जर्मनींत याकोब व विल्हेल्म ग्रिम या बंधूंनीं जो संग्रह केला त्याचें नांव त्यांनीं 'मुलांच्या व घरांतल्या गोष्टी' असें ठेवलें. त्यांत परी शोधावयास गेल्यास सहसा हातीं लागत नाहीं. घरांतल्या गोष्टी, हें नांव मला फार पसंत आहे. देवळांतल्या नव्हेत, दरबारांतल्या नव्हेत, शाळेंतल्या तर नव्हेतच.

अशा विषयावर सर्वसाधारण बोलूं लागलें म्हणजे बोलणें हवेंत विरून जातें. म्हणून मी एकच गोष्ट हातीं घेतों: राक्षसाचा जीव पोपटांत असतो ती. मराठी घरांत वाढलेल्या कोणाही माणसाला ती कोणत्या ना कोणत्या रूपांत ठाऊक असावी. तिचें एक जुनें छापील रूप १८६८ सालच्या एका इंग्रजी पुस्तकांत आहे. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची कन्या मेरी फ्रियर हिनें 'ओल्ड डेक्कन डेज' या नांवानें दख्खनेंतल्या गोष्टींचा संग्रह लंडनला प्रसिद्ध केला, त्यांतली ही पहिलीच गोष्ट. १८६५-६६ च्या हिवाळ्यांत गव्हर्नरसाहेबांची स्वारी मराठी मुलखांत फिरतीवर होती. आई विलायतेला गेलेली, छावणींत सोबतीला दुसरी मडम नाहीं, दिवस मोठे. तेव्हां मेरीनें आपल्या आयेला गोष्टी सांगावयास लावलें. ही आया म्हणजे ॲना लिबराता डिसूझा. तिच्याकडे मी पुन्हां येणार आहें.

ॲनानें सांगितलेल्या गोष्टींत राक्षसाच्या जागीं पंचकिन् नांवाचा जादूगार आहे. आमच्या घरीं त्याला नांव नव्हतें. तो नुसता राक्षस होता, आणि नांव नसल्यामुळें अधिक भयंकर वाटे. एका राजाच्या सात मुली दुसऱ्या राजाच्या सात मुलांना दिलेल्या असतात. धाकटी बाळना, तिला एक तान्हा मुलगा आहे. जादूगार तिला पळवून नेतो. तिचा नवरा शोधाला जातो तो दगड होऊन पडतो. त्याच्या मागून सहाही भाऊ जातात, तेही दगड. बाळना बारा वर्षें मनोऱ्यांत कोंडलेली आहे, पण जादूगाराला वरीत नाहीं. इकडे मुलगा मोठा होतो, आईबापांचा तपास काढीत निघतो, माळिणीच्या घरीं उतरतो, मुलीचा वेष घेऊन मनोऱ्यांत शिरतो व आईला भेटतो. आई मग जादूगाराशीं गोड बोलून विचारते कीं, तुम्हांला मरण म्हणून नाहींच कां? आणि तो बेटा सांगून टाकतो! दूर दूर, लाखों कोसांवर, निर्जन रान आहे; रानाच्या मध्यभागीं ताडांचें वर्तुळ; वर्तुळाच्या आंत पाण्यानें भरलेल्या सहा घागरी एकीवर एक रचलेल्या; सर्वांत खालच्या घागरीखालीं लहानसा पिंजरा; पिंजऱ्यांत हिरवा पोपट; त्या पोपटांत माझा जीव.

मुलगा जातो, वाटेंत गरुडाच्या पिलांना सापापासून वांचवितो, तीं पिलें त्याला पाठीवर घेऊन ताडांच्या बनांत पोंचवितात, आणि तो पिंजरा उचलून परत येतो. आतां नीट लक्ष द्यावें. पोपट हातीं आल्यावर मुलगा त्याची मान लगेच मुरगळीत नाहीं. जादूगार गयावया करतो, माझा पोपट दे म्हणतो. मुलगा म्हणतो, अगोदर माझ्या बापाला आणि चुलत्यांना पूर्वींसारखे माणूस कर. दगडांचीं माणसें होतात, सर्व बंदिवान मोकळे होतात. आणि मग पोपटाचा उजवा पंख तुटतो तों जादूगाराचा उजवा हात गळून पडतो, डावा पंख, डावा हात, मग पाय, मग मान.

आतां हीच गोष्ट नॉर्वेंत पाहा. आस्ब्यर्नसेन व मू या दोघांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिकडील गोष्टी गोळा केल्या, त्यांत अंगांत हृदय नसलेल्या राक्षसाची एक आहे. त्याचें हृदय एका अंड्यांत, अंडें बदकांत, बदक विहिरींत, विहीर एका देवळांत, देऊळ बेटावर, बेट सरोवरांत. तेथेंही सहा भाऊ आपल्या सहा बायकांसह दगड झालेले आहेत. तेथेंही कोंडलेली राजकन्याच गोड बोलून गुपित काढते. आणि तेथेंही धाकटा भाऊ अंडें थोडेंसें दाबून राक्षसाकडून अगोदर सारीं माणसें परत मिळवितो, नंतर अंडें फोडतो. कोठें तें बर्फाळ नॉर्वे, कोठें आमचें बाभळींचें माळरान! रशियांत कोश्चेय नांवाचा अमर म्हातारा आहे. त्याचें मरण सुईच्या टोंकाला, सुई अंड्यांत, अंडें बदकांत, बदक सशांत, ससा पेटींत, पेटी ओकवृक्षावर. सोव्हिएट काळांत रशियांत छापलेलीं मराठी बालपुस्तकें आमच्या पिढीनें हावऱ्यासारखीं वाचलीं; त्यांतील कोश्चेय आम्हांला परका असा कधीं वाटलाच नाहीं. आपल्याच राक्षसाचा थंड हवेंत राहणारा चुलता!

याहूनही जुना पुरावा इजिप्तचा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें इसवी सनापूर्वीं सुमारें १२०० वर्षांचा एक लेख पपायरसावर लिहिलेला आहे. त्यांत दोन भावांची कथा आहे. धाकटा भाऊ बाटा आपलें हृदय झाडाच्या शेंड्यावर एका फुलांत ठेवतो. बायको फितुर होऊन तें गुपित राजाला सांगते. झाड तोडलें जातें व तो मरतो. मोठा भाऊ तें हृदय वर्षानुवर्षें शोधतो, सांपडल्यावर गार पाण्यांत ठेवतो, आणि धाकटा पुन्हां उठून बसतो. म्हणजे जीव शरीराबाहेर ठेवण्याची ही कल्पना निदान तीन हजार वर्षें तोंडोतोंडीं व हातोहातीं चालत आलेली आहे.

पंडितांनीं या साम्याचा पुष्कळ काथ्याकूट केला आहे. जर्मन पंडित बेन्फाय यांनीं १८५९ सालीं पंचतंत्राचें भाषांतर करतांना असें मत मांडलें कीं, युरोपांतल्या बहुतेक गोष्टी हिंदुस्थानांतून गेल्या. आपल्याला हें ऐकून गुदगुल्या होतात. पंचतंत्र सहाव्या शतकांत इराणांत गेलें, आठव्या शतकांत अरबींत उतरलें व तेथून युरोपभर पसरलें हें खरें; परंतु इजिप्तच्या त्या लेखापुढें सर्वच श्रेय आपल्या पदरीं घेतां येत नाहीं. सर जेम्स फ्रेझर यांनीं १८९० सालच्या आपल्या 'गोल्डन बो' या ग्रंथांत शरीराबाहेरच्या जीवाच्या कथांचा मोठा साठा दिला आहे, आणि त्यांत आमचा पंचकिन्‌ही आहे. फिनलंडचे आर्ने यांनीं १९१० सालीं गोष्टींच्या प्रकारांना क्रमांक दिले. त्यांत अंड्यांतल्या हृदयाचा क्रमांक ३०२. रशियन पंडित प्रॉप यांनीं १९२८ सालीं शंभर गोष्टींची चिरफाड करून दाखविलें कीं, त्यांतल्या साऱ्या घडामोडी एकतीस प्रकारांत बसतात. २०१६ सालीं तर सारा ग्रासा दा सिल्वा व जमशीद तेहरानी या दोघांनीं २७५ अद्भुत कथा व पन्नास भाषासमाज यांची संगणकावर सांगड घालून असा निष्कर्ष काढला कीं, कांहीं गोष्टी कित्येक हजार वर्षांच्या आहेत. सर्वांनाच तें पटलेलें नाहीं. शब्दकोशाप्रमाणें हे ग्रंथ उपयोगाचे खरे. पण शब्दकोश वाचून कोणाला रडूं आलेलें मीं तरी पाहिलें नाहीं.

रडूं कोठें येतें, तें मला एका मुलानें दाखविलें. माझी नोकरीची पहिलीं वर्षें तळकोंकणांतल्या एका खेडेगांवच्या शाळेंत गेलीं. शनिवारीं शेवटच्या तासाला मी मुलांना गोष्ट सांगत असें. गांवांतल्या बहुतेकांचे बाप मुंबईला गिरणींत. १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते, आणि त्यांतल्या पुष्कळांना पुन्हां गिरणीचें दार दिसलें नाहीं. त्या पावसाळ्याच्या आधीं एक एक बाप ट्रंक घेऊन गांवीं परत येऊं लागला. तिसरींतल्या एका मुलाचा बाप असाच आला आणि ओटीवर बसला तो बसलाच. भांडण नाहीं, दारू नाहीं, नुसता बसून. त्याला कोणी बोलतें करूं शकलें नाहीं. हा मुलगा दर शनिवारीं पोपटाचीच गोष्ट मागूं लागला. इतर मुलें कुरकुर करीत, पण तो ऐकेना. मला वाटे, पोपटाची मान मुरगळण्याची मौज त्याला हवी असेल. मुलांना ती असतेच. एका शनिवारीं मी मनोऱ्याखालच्या दगडांपर्यंत आलों असतां तो मध्येंच उठून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, दगड झालेल्या माणसाला ऐकूं येतं का हो?"

वर्गांत एकदम शांत झालें. लहान गांवांत सर्वांना सर्वांच्या घरचें ठाऊक असतें. मी म्हटलें, "येतं. बोलतां मात्र येत नाहीं." त्यानें मान हलविली, खालीं बसला आणि "पुढें सांगा" म्हणाला. नंतर त्याच्या आईकडून मला कळलें कीं, तो रोज संध्याकाळीं ओटीवर बापाच्या शेजारीं बसून दिवसाचा धडा मोठ्यानें वाचतो, मग शाळेंतल्या साऱ्या गमती सांगतो, आणि उत्तराची वाट पाहत नाहीं. पुढें त्या घरांत काय झालें तें मला सांगतां येणार नाहीं, कारण वर्षअखेरीस माझी बदली झाली. पण पोपट हातीं आल्यावर अगोदर दगडांचीं माणसें करून घ्यावयाचीं आणि सूड मागाहून, हा क्रम नॉर्वेपासून दख्खनपर्यंत कोणी कां बदलला नाहीं, याचें उत्तर मला त्या दिवशीं मिळालें. क्रम उलटा झाला तर दगड दगडच राहतील. ऐकणाऱ्या मुलाला राक्षसापेक्षां दगडांची काळजी अधिक असते.

मोठ्या माणसाला ही गोष्ट पुन्हां आठवते ती निराळ्या बाजूनें. लहानपणीं मी त्या मुलाच्या पाठीवर बसून गरुडाबरोबर उडत होतों. चाळिशीनंतर मला राक्षसाचें दुःख कळूं लागलें. बिचाऱ्यानें जीव सुरक्षित राहावा म्हणून लाखों कोसांवर ठेवला, आणि मग जन्मभर त्याला त्या पोपटाचा घोर! आपल्या भाषेला हें अगोदरच ठाऊक आहे. आईचा जीव लेकरांत असतो असें आपण म्हणतों, कंजुषाचा जीव पैशांत असतो, म्हातारपणीं कोणाचा जीव कशांत अडकेल तें सांगवत नाहीं. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी दूर देशीं आहे आणि ज्यांना अपरात्रीं वाजलेल्या टेलिफोनची घंटा छातींत वाजल्यासारखी वाटते, त्यांना ताडांच्या बनांतला पिंजरा समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. मुलाला ती भुताखेताची गोष्ट वाटते; बापाला ती आपल्या घरची हकीकत वाटते. सांगितलेलें वाक्य तेंच असतें. नीतिपर गोष्टींचें असें होत नाहीं. लांडगा आला रे आला ही गोष्ट आठव्या वर्षीं जेवढी कळते तेवढीच साठाव्या वर्षीं कळते.

आतां आक्षेपांचा विचार केला पाहिजे, कारण पालक तो विचारतात. या गोष्टी खोट्या आहेत व क्रूर आहेत, मग त्या मुलांना कां सांगावयाच्या? आक्षेप नवा नाहीं. दायांनीं मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्या व कोणत्या सांगूं नयेत यावर नजर ठेवावी, असें प्लेटोनें आपल्या आदर्श राज्याच्या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे. त्यालाही आतां जवळजवळ चोवीसशें वर्षें झालीं. ग्रिमबंधूंनाही हा जाच झाला. १८१२ सालच्या डिसेंबरांत त्यांचा पहिला भाग निघाला तेव्हां थोरला सत्तावीस वर्षांचा, धाकटा सव्वीस वर्षांचा. त्या भागांत ८६ गोष्टी होत्या, आणि पुस्तक टीपाटिप्पणींनीं भरलेलें, विद्वानांच्या थाटाचें होतें. हें मुलांच्या हातीं द्यावयाचें पुस्तक नव्हे, अशी ओरड झाली. पुढें विल्हेल्मनें १८५७ पर्यंत सात आवृत्त्यांत गोष्टी घासूनपुसून घेतल्या. मौज पाहा: हिमगौरीला मारावयास निघालेली बाई पहिल्या आवृत्तींत तिची सख्खी आई होती, १८१९ सालीं तिची सावत्र आई झाली. हॅन्सेल व ग्रेटेल यांना रानांत सोडा म्हणणारी आईही अशीच मागाहून सावत्र झाली. आईचें नांव सांवरून घेतलें. परंतु त्याच हिमगौरीच्या लग्नांत दुष्ट राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत नाचत मरावें लागतें, तें मात्र विल्हेल्मनें तसेंच ठेवलें. आणि सिंडरेलाच्या बहिणींचे डोळे पारव्यांनीं फोडल्याचा प्रसंग तर दुसऱ्या आवृत्तींत नव्यानें घातला!

माझें मत विचाराल तर सख्खी आई सावत्र करण्यानें सावत्र आयांवर फार मोठा अन्याय झाला. पण शिक्षा ठेवली हें बरें केलें. हल्लीं कांहीं पुस्तकांत लांडगा शेवटीं क्षमा मागतो आणि सर्व मिळून चहा पितात. अशी गोष्ट सांगून पाहावी. मूल तोंडाकडे बघत राहतें. त्याच्या हिशेबांत जमा आहे तशी खर्चही असावा लागतो. आणि क्रूरतेचें म्हणाल तर परीकथेंत रक्त वाहत नाहीं. राक्षसाचा हात गळून पडतो, जसें झाडाचें पान गळतें. कण्हणें नाहीं, जखम नाहीं, वर्णन नाहीं. रोजच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानापेक्षां ती फार सभ्य असते.

खोटेपणाविषयीं मी एवढेंच म्हणेन कीं, एकदां एक राजा होता असें म्हटल्याबरोबर पांच वर्षांचें मूलही ओळखतें कीं, आतां दुसऱ्या गांवच्या वेशींत शिरावयाचें आहे. आपल्या कहाण्यांत 'आटपाट नगर' आलें म्हणजे भूगोल तेथेंच संपला. त्या नगराचा नकाशा कोणा विद्यार्थ्यानें मला कधीं मागितला नाहीं.

कहाण्यांचा विषय निघाला तो सोडवत नाहीं. श्रावणांतल्या शुक्रवारच्या एका कहाणींत श्रीमंत भाऊ गांवजेवण घालतो आणि गरीब बहिणीला बोलावीत नाहीं. ती लेकरांना घेऊन आपण होऊन जाते, तर तो तिला पंगतींतून उठवितो. पुढें देवीच्या कृपेनें तिचे दिवस पालटतात. भाऊ आग्रहाचें बोलावणें करतो. ती जाते, पाटावर बसते, आणि अंगावरचा एक एक दागिना उतरवून त्यावर एक एक पदार्थ ठेवूं लागते. भाऊ विचारतो, ताई, हें काय करतेस? ती म्हणते, ज्यांना बोलावलें आहेस त्यांना जेवूं घालतें. यांत राक्षस नाहीं, जादू म्हणावी तर नांवापुरती. तरी घरोघरच्या बायका ही कहाणी हातांत तांदूळ घेऊन वर्षानुवर्षें ऐकत आल्या. पंगतींतून उठविल्याचें शल्य काय असतें तें ज्यांना बोलून दाखवितां येत नव्हतें, त्यांच्या वतीनें कहाणी बोलत होती, आणि तीही देवापुढें, पुरुषमाणसांच्या देखत. सी. ए. किंकेड या सिव्हिलियन साहेबानें या कहाण्या १९१४ सालीं इंग्रजींत नेल्या. चित्रें आपल्या धुरंधरांचीं आहेत.

मराठींत छापील गोष्टींचा ओघ त्याच्या पुष्कळ अगोदरचा. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं इसापनीति मराठींत आणली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी आणल्या. त्या मोठ्यांनींच मुलांपासून लपवून वाचल्या असें म्हणतात. वासुदेव गोविंद आपटे यांचें 'आनंद' मासिक १९०६ चें, आणि 'चांदोबा' १९५२ पासूनचा. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आमच्या वयाच्या माणसांना भेटला तो चांदोबांतच, आणि पुढचा अंक येईपर्यंत महिनाभर तो मानेवर बसलेला असे.

आतां ॲनाकडे येतों. मेरी फ्रियरनें एक चांगली गोष्ट केली: पुस्तकाच्या आरंभीं ॲनाची स्वतःची हकीकत तिच्याच तोंडून घातली. तिचे पूर्वज लिंगायत, मूळचे कालिकतचे. पुढें गोंव्याच्या बाजूला आले. तेथें आजोबा सहकुटुंब ख्रिस्ती झाले, म्हणून त्यांच्या बापानें सर्वांना घराबाहेर काढलें. आजोबा पलटणींत हवालदार होते. गोष्टी ॲनाला तिच्या आजीकडून मिळाल्या. नवरा मरून गेला होता, मुलगा पुण्याच्या नदींत बुडून मेला होता. ही बाई गव्हर्नराच्या छावणींत बसून सांगते कीं, दूर रानांत सहा घागरींखालीं एक पिंजरा आहे. मेरी लिहून घेई व पुन्हां तिला वाचून दाखवी. ग्रिमबंधूंची गोष्ट अशीच आहे. कासेलजवळच्या खेड्यांतली डोरोथेया फीमान ही एका शिंप्याची बायको भाजी विकावयास येई. तिनें त्यांना चाळीसच्या आसपास गोष्टी दिल्या, आणि लिहून घेतां यावें म्हणून ती एक शब्द न बदलतां पुन्हां सावकाश सांगे. १८१५ सालीं, दुसरा भाग निघाला त्याच वर्षीं, ती वारली. नांव ग्रिमांचें झालें. निदान दुसऱ्या आवृत्तींत तिचें चित्र तरी छापलें.

ॲनाच्या हकीकतींत एक तक्रार आहे ती ऐकून मला हंसूंही आलें आणि धीरही आला. ती म्हणते कीं, तिच्या लहानपणीं म्हाताऱ्या माणसांना गोष्टी सांगण्याची फार हौस असे. आतांच्या म्हाताऱ्यांना पैसा मिळविण्याखेरीज कशाचीच हौस उरलेली नाहीं. हें बोलणें दीडशें वर्षांपूर्वींचें आहे! आज आपणही असेंच म्हणतों. फक्त पैशाच्या जागीं मोबाइल आणि दूरचित्रवाणी घालतों. गोष्ट दर पिढीला मरणपंथास लागलेली असते आणि तरी पुढच्या पिढीला ती कोणी तरी सांगितलेली असते. ॲना १८८७ सालीं पुण्याजवळ गणेशखिंडींतल्या गव्हर्नराच्या बंगल्यांत वारली. तो बंगला आज पुणें विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

तरीही एक फरक पडला आहे तो नाकारूं नये. पडद्यावरची गोष्ट मुलाच्या तोंडाकडे बघत नाहीं. मूल घाबरलें तर ती थांबत नाहीं, डोळे मिटूं लागले तर आवाज हळू करीत नाहीं. आपल्याकडे गोष्ट ऐकणारानें हुंकार द्यावयाचा असतो; हुंकार थांबला कीं आजी ओळखे, मूल झोंपलें, आणि राक्षसाला तेथेंच ठेवून ती दिवा मालवी. दुसऱ्या रात्रीं राक्षस जेथल्या तेथें. या सोयीचें यंत्र अद्याप कोणी काढलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं. आणि रेडिओवर बोलणाराची अडचण तर विचारूंच नये: पंधरा मिनिटें बोलावें आणि एक हुंकार कानीं पडूं नये!

जे आईबाप मला विचारतात कीं, आम्हांला सांगतां येत नाहीं, काय करावें, त्यांना मी दोनच गोष्टी सांगतों. एक, वाचून न दाखवितां तोंडानें सांगावी. चुकली तर चुकूं द्यावी. मूल ताबडतोब दुरुस्त करतें: काल राक्षसाला दोन सुळे होते, आज चार कसे? आणि तेवढ्यानें गोष्ट त्याच्या मालकीची होते. दुसरें, गोष्ट संपल्यावर, बाळ, यावरून तूं काय शिकलास, हा प्रश्न विचारूं नये. हा प्रश्न विचारण्यांत माझा सारा जन्म गेला आहे, पण तो धड्याखालीं शोभतो, अंथरुणांत नाहीं.

आणि ज्यांच्या घरीं अजून आजी आहे त्यांनीं आज रात्रीं तिला एवढेंच विचारावें कीं, राक्षसाचा पोपट कोणत्या रंगाचा होता, आणि त्याचा पिंजरा कोठें ठेवलेला होता. ॲनाचा घागरींखालीं होता. आमच्या आजीचा सात समुद्रांपलीकडच्या वडाच्या ढोलींत होता.